फुलाची खोळ, पट्ट्याची खोळ

आमच्या घरात रुई जेवणातसुद्धा असायची. अम्मी वरणाच्या गंजावर आधी फडकं आणि त्यावर ताट असं दुहेरी झाकण ठेवायची, तरी वाढताना एखादा तंतू वर तरंगताना दिसायचाच आणि आम्ही तो बोटाने बाजूला सारून जेवत असू. वरोऱ्यात, बाजार समितीकडे जाणाऱ्या रस्त्यावर, आमचं दोन खोल्यांचं घर होतं. पुढच्या खोलीत पिंजण मशीन आणि मागच्या खोलीत आम्ही चौघं. आमची जात पिंजाऱ्याची. आजोबा खांद्यावर धनुकलीसारखी पिंजण घेऊन खेड्यापाड्यांतून फिरायचे आणि तिच्या तातीचा टणटण आवाज ऐकून बायका जुन्या गाद्या घेऊन बाहेर यायच्या, असं अब्बा सांगत. अब्बांनी मशीन घेतली आणि फिरणं संपलं. मशीनचा आवाज सकाळी आठला सुरू व्हायचा तो दुपारी भाकरीला बंद व्हायचा. त्या अर्ध्या तासात कानांना इतकं मोकळं वाटायचं की आम्ही उगीचच हळू आवाजात बोलायचो. नमाज पढणारं घर असलं तरी आमची बोली मराठीच, वरोऱ्याची, हिंदीचे शब्द पेरलेली. शेजारच्या कुंदाबाई म्हणायच्या, तुमच्या घरात डोळे मिटून बसलं तर पिंजाऱ्याकडे बसलोय की पाटलाकडे ते कळत नाही.

धंद्यातली एक गोष्ट इथे आधीच सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्याशी जोडलेलं आहे. गिऱ्हाईक जुनी गादी टाकून गेलं की अब्बा तिची खोळ उसवून रुई बाहेर काढत. पिंजून झाली की सगळ्यांची रुई सारखीच दिसते, पांढरी आणि फुगलेली. म्हणून ज्याचा ढीग त्यावर त्याचीच रिकामी खोळ पसरून ठेवायची, हा आमच्याकडचा कायदा. निळ्या चौकड्याची खोळ म्हणजे मास्तरांची, वेलबुट्टीची म्हणजे सोयाबीनच्या व्यापाऱ्याची. आत काय आहे ते कोणी हात घालून बघत नसे, खोळ बघायची. मला हे चालता येऊ लागल्यापासून ठाऊक होतं. गिऱ्हाइकांच्या खोळी मी आयुष्यात कधी बदलल्या नाहीत, आणि अब्बा हे चारचौघांत कौतुकाने सांगत. ते कौतुक मला नंतर फार टोचलं.

माझ्यानंतर बारा वर्षांनी नूरी झाली. मधली दोन मुलं राहिली नाहीत, त्यामुळे नूरीला घरात सगळे जरा जपूनच हात लावायचे. ती शांत मूल होती. रुईच्या ढिगाशेजारी बसून चिंध्यांच्या इवल्या गाद्या करायची, बाहुलीला निजवायची आणि स्वतःही तिथेच आडवी व्हायची. अब्बा मशीनवरून मान वळवून तिच्याकडे बघत, आणि त्यांच्या भुवयांवर बसलेली रुई त्या बघण्याबरोबर हलायची. ती तीन वर्षांची झाली आणि तिला दम लागायला लागला. पहिल्यांदा सर्दी म्हणून सोडून दिलं, मग केळी आणि दही बंद केलं, मग हिवाळ्यात तुरीचे ओले सोलेसुद्धा वातूळ म्हणून बंद केले, जे तिला सगळ्यांत जास्त आवडायचे. आम्ही सोल्यांची भाजी तिच्यापासून लपवून खायचो आणि तिला वास यायचा. शेवटी एका दिवशी तिच्या बरगड्यांमध्ये श्वासागणिक खळगे पडायला लागले, तेव्हा अब्बा आणि अम्मी तिला घेऊन चंद्रपूरला लहान मुलांच्या डॉक्टरकडे गेले. मी दुकान सांभाळायला मागे राहिले.

तिघं संध्याकाळी परतली ती दोन पंप आणि एक प्लास्टिकचा नळा घेऊन. इन्हेलर हा शब्द आमच्याकडे कोणाच्या तोंडात बसला नाही, सगळे पंपच म्हणत. नळ्याच्या एका टोकाला पंप लावायचा, दुसऱ्या टोकाचा मास्क नूरीच्या नाकातोंडावर धरायचा आणि ती दहा श्वास घेईपर्यंत मोजायचं. डॉक्टरांनी अब्बांना नीट समजावलं होतं. तपकिरी पंप सूज कमी करणारा, तो सकाळ-संध्याकाळ रोज द्यायचा, मूल ठीक असलं तरी. निळा पंप छाती मोकळी करणारा, तो दम लागला तरच. आणि हे पंप धुळीपासून जपायचे, आत कचरा जाता कामा नये. डॉक्टरांनी असंही सांगितलं होतं की रुईच्या घरात हे मूल कठीण आहे. ते अब्बांनी त्या दिवशी घरी सांगितलं नाही, मला खूप उशिरा कळलं.

धुळीपासून जपायचं म्हटल्यावर अम्मीने जे केलं ते आमच्या घरातल्या कोणीही केलं असतं. तिने दोन्ही पंपांना खोळी शिवल्या. रोजच्याला फुलाफुलांच्या छिटाची, अडीअडचणीच्याला गादीच्या पट्ट्यापट्ट्यांच्या कापडाची, दोन्हींना नाडी. टाका इतका बारीक की दुकानात टांगली असती तर कोणी विचारलं असतं. मग तिने मला समोर बसवलं आणि म्हणाली, फुलाची रोज दोनदा, पट्ट्याची दम लागला तं. निळा-तपकिरी हे शब्द माझ्यापर्यंत आलेच नाहीत. नाडी सोडली की आतला रंग मला दिसायचा, दिसत होता, पण त्या रंगाला माझ्या लेखी काही अर्थ नव्हता. अम्मीचे हात दिवसभर सुईदोऱ्यात आणि अब्बांचे मशीनवर, म्हणून दवा माझ्याकडे आली. सोळा वर्षांची होते. मला वाटलं, घरात पहिल्यांदाच मोठं काम आपल्यावर टाकलंय.

पहिले काही आठवडे चांगले गेले. नूरी पुन्हा ढिगाशेजारी जाऊन बसायला लागली, अम्मीने तिला एकदा चोरून सोले दिले आणि काही झालं नाही. दर शुक्रवारी जुम्म्याच्या नमाजासाठी मशीन बंद व्हायची आणि अम्मी धुणं काढायची. त्यात त्या दोन इवल्या खोळीही असायच्या. वाळल्या की मी त्या पंपांवर चढवायची. कुठल्या तरी एका शुक्रवारी मी त्या उलट्या चढवल्या. कोणता शुक्रवार, तेव्हा माझं लक्ष कुठे होतं, हे मला आजही सांगता येत नाही. मी पुष्कळदा आठवून पाहिलं आहे. आठवतं ते इतकंच की दोरीवर खोळी वाळत होत्या आणि वाळलेल्या कपड्याला उन्हाचा वास येत होता, पण तसा तो दर शुक्रवारीच यायचा.

त्यानंतर नूरी बदलली. आधी हात. पाण्याचा पेला धरला की पाणी हलायचं, चिंधीला गाठ मारता येईना, मग ती चिंधी फेकून द्यायची. दुपारची झोप गेली. बडबड सुरू झाली, एका गोष्टीतून दुसरीत, मधे श्वासही न घेता, आणि ऐकलं नाही तर चावायची. माझ्या डाव्या दंडावर तिच्या दातांचे वण पंधरा दिवस होते. हसायला लागली की थांबता येत नसे आणि हसता हसता रडायला लागायची, का ते तिला सांगता येत नसे. मी तिला मांडीवर धरलं की तिच्या पाठीतून काळजाची धडधड माझ्या छातीला लागायची. मला तेव्हा तिची दया कमी आणि राग जास्त यायचा, हे लिहायला हवं. सकाळपासून तिच्यामागे फिरून मी इतकी दमायची की ती खाटेखाली लपली तर मी मुद्दामच तिला शोधत नसे.

घरात प्रत्येकाचं एक कारण होतं. अब्बा म्हणत, आजारात लाड झाले. अम्मी म्हणायची, नजर. कुंदाबाईंनी मीठ-मिरच्या उतरवून चुलीत टाकल्या आणि त्या धुराने नूरीला असा खोकला आला की सगळ्यांनी मिळून तिला अंगणात पळवलं. कुंदाबाई बिचाऱ्या तिथेच उभ्या राहून म्हणाल्या, बघा, ठसका आला म्हणजे नजर होती. मग तावीज आलं, ते नूरीने दोन दिवसांत चावून सपाट केलं. मी मात्र एक पाहिलं होतं. फुलाची खोळ दिली की अर्ध्या तासात ती पिसाळते, आणि दोन-तीन तासांनी जरा विझते. हे मी अम्मीला सांगितलंही. अम्मी रजईला डोरे भरत होती, तिने सुई थांबवली नाही.

"दवानं कुठी पोट्टी बिघडते का? दवा बंद केली अन् दम लागला तं काय करशीन?"

आणि दम खरंच वाढला होता. रोजच्या पंपातलं औषध तिला मिळतच नव्हतं ना. छाती पुन्हा वाजायला लागली की मी पट्ट्याची खोळ द्यायची, आणि तिने काही फरक पडत नसे. फुलाची दिली की मात्र थोड्या वेळात छाती मोकळी. मग मी माझ्या अकलेने ठरवलं की फुलाचीच चांगली, आणि ती दोनदाच्या जागी चारदा, कधी सहादा द्यायला लागले. संपली की रिकामी डबी घेऊन मीच औषधाच्या दुकानात जायची, तो तशीच दुसरी द्यायचा. डॉक्टरांकडे पुन्हा जायचं ठरलं होतं, पण लग्नसराई तोंडावर होती आणि अब्बा म्हणाले, हा महिना जाऊ दे. आता कोणी मला विचारलं तर मी सांगेन की तो पंप वाईट नव्हता. त्यानेच तिचा जीव अनेकदा वाचवला असेल. पण चार वर्षांच्या जिवाला तो सहा वेळा देऊन वर तिलाच वांड म्हणणं, हे आम्ही केलं.

लग्नाच्या हंगामात आमच्याकडे मुलीला द्यायच्या गादी-रजयांचं काम असतं. त्या वर्षी सोयाबीनच्या व्यापाऱ्याच्या मुलीचं होतं. पाच गाद्या, पाच रजया, उशा, आणि वरासाठी एक लाल मखमलीची रजई. अब्बांनी त्या रजईसाठी नवी रुई निवडून आणली होती, तिच्यात सरकीचा एक तुकडा दिसला तरी ते थांबून वेचत. संध्याकाळी माल न्यायला गाडी येणार होती. दुपारी मशीन थांबवून अब्बा हात धुवायला मागे गेले, अम्मी खिचडी उतरवत होती, आणि मी नूरीला नुकताच पंप देऊन मोकळी झाले होते. पुढच्या खोलीतून काही आवाज आला नाही, म्हणून कोणी बघितलं नाही. पहिले अब्बा गेले. नूरीने रांजणातलं पाणी तांब्या-तांब्याने नेऊन त्या रुईच्या ढिगावर ओतलं होतं आणि त्यात उभी राहून नाचत होती. मखमलीची खोळ तिच्या पायाखाली होती. भिजलेली रुई गोळा होऊन बसते, ती पुन्हा पिंजावी लागते, आणि मखमलीचा रंग उतरून रुई ठिकठिकाणी लाल झाली होती.

गादीत रुई सारखी बसवायला अब्बा वेताची बारीक छडी वापरत. ती त्यांच्या हातात जन्मभर असली तरी तिने त्यांनी आम्हा कोणालाच कधी मारलं नव्हतं. त्या दिवशी मारलं. एकदाच, पायांवर. नूरी ओरडली नाही, ती अब्बांकडे बघत राहिली, आणि मग तिची छाती वाजायला लागली. ओठ निळसर झाले. मी पळत जाऊन फुलाची खोळ आणली, एकदा, दोनदा, तीनदा दिली. हळूहळू श्वास आला, आणि त्याबरोबर तो थरकाप. ती अब्बांच्या पायाजवळच थरथरत बसली होती आणि अब्बांना वाटलं ती त्यांच्या भीतीने थरथरतेय. त्यांनी छडी दारामागे ठेवली आणि बाहेर जाऊन ओट्यावर बसले. माल नेणारी गाडी आली तेव्हा अम्मीच बोलायला पुढे गेली.

आठ दिवसांनी ठरलं की नूरीला मुलचेऱ्याला पाठवायचं. तिथे अम्मीची बहीण, माझी रजिया खाला होती, तिला मूल नव्हतं, आणि तिचा नवरा म्हणजे आमचे खालू आठवडी बाजारात शिलाई मशीन घेऊन बसत. अब्बा म्हणाले, तिकडे जंगलाची हवा आहे, रुई नाही. ते खरंच होतं. पण त्यांच्या बोलण्यात हवेपेक्षा दुसरंच काही होतं. नूरी मशीनच्या खोलीत यायची बंद झाली होती, त्यांचा हात जवळ आला की डोकं खाली घालायची, आणि ते त्यांना सोसत नव्हतं. अम्मी दोन दिवस जेवली नाही आणि तिसऱ्या दिवशी नूरीचे कपडे बांधायला बसली.

खालू सकाळच्या गाडीने घ्यायला आले. मी सामानाची पिशवी भरली होती, त्यात दोन्ही पंप खोळींसकट ठेवले होते. अब्बा म्हणाले, दवा समजावून देतो. त्यांनी चंद्रपूरच्या डॉक्टरांचा कागद काढला, पंप हातात घेतले आणि नाड्या सोडून खोळी काढल्या, म्हणाले, तिकडं रुई नाई, खोळ कायले पायजे. फुलाची खोळ निघाली आणि आतून निळा पंप बाहेर आला. पट्ट्याच्या खोळीतून तपकिरी. अब्बांनी खोळींकडे पाहिलंही नाही. कागद वाचत त्यांनी खालूंना सांगितलं, "हा भुरा रोज दोनदा. अन् हा निळा फक्त दम लागला तं. निळा जास्त झाला तं पोट्टीले धडधड होते, हात थरथरते, झोप येत नाई, असं डॉक्टरनं सांगितलं होतं."

मी चार हातांच्या अंतरावर उभी होते. मला एकदम सगळं कळलं. त्या क्षणी बोलायला हवं होतं. ते ऐकून अब्बा त्या दिवसासारखेच ओट्यावर जाऊन बसले असते, पण नूरी आपल्याला भिऊन थरथरली नव्हती हे कळून बसले असते. नूरी गेली असती का? रुई तर घरात होतीच, डॉक्टरांनीही सांगितलं होतं, तेव्हा कदाचित गेलीच असती. पण वाईट पोर म्हणून गेली नसती. मी बोलले नाही. भीती कोणाची होती ते मला नीट सांगता येत नाही. अब्बा मला मारणार नव्हते. मला वाटतं, खोळी कधी न चुकणारी पोरगी म्हणून त्यांनी माझं जे कौतुक केलं होतं, ते जाईल याचीच मला जास्त भीती वाटली. इतक्या क्षुल्लक गोष्टीसाठी मी गप्प राहिले. नूरीने जाताना माझ्या ओढणीचा शेव धरला होता, तो अम्मीने तिच्या मुठीतून सोडवला.

महिन्याभराने खालाचा फोन आला, कोपऱ्यावरच्या बूथवर. नूरी दुपारी दोन-दोन तास झोपते, म्हणाली. शेजारच्या बंगाली घरात जाऊन बसते, मासळीच्या रश्श्यावर अन् भातावर ताव मारते, खोकला नाही. एवढी गरीब पोट्टी तुम्हाला जड कशी झाली, असंही ती म्हणाली. अम्मीने तो निरोप घरी सांगितला तेव्हा अब्बा जेवत होते. ते हातातला घास ताटात ठेवून म्हणाले, "माह्याच घरात पोट्टी बिघडून राह्यली होती म्हणजे." मग जेवण पुरं केलं. पुढच्या हिवाळ्यात त्यांनी मशीन घरातून काढली आणि गावाबाहेर टिनाच्या शेडमध्ये नेली. पुढची खोली धुऊन, चुना मारून रिकामी केली. तीन वर्षांनी नूरीला परत आणायला ते स्वतः गेले. ती तेव्हा खालाला अम्मी म्हणायला लागली होती. दोन दिवस आमच्याकडे राहिली, पाहुण्यासारखी पाय जवळ घेऊन बसली, आणि तिसऱ्या दिवशी म्हणाली, मले घरी जायचं आहे. अब्बा तिला पोचवून आले. त्यानंतर दर ईदेला ते एक नवी रजई घेऊन मुलचेऱ्याला जात, अंगणात खाटेवर बसत, चहा पीत आणि संध्याकाळच्या गाडीने परत येत. नूरी सलाम करून आत जायची.

मी हे सगळं बघितलं आणि माझं आयुष्य त्याच्या कडेकडेने चालू ठेवलं. लग्न झालं, दोन मुलं झाली, अम्मी गेली. शेवटच्या आजारात अब्बा माझ्याकडे होते. एके दुपारी मी त्यांना चमच्याने खिचडी भरवत होते आणि ते काही विचारलेलं नसताना म्हणाले, "त्या दिवशी माहा हात उठला नसता तं पोट्टी घरी राह्यली असती." चमचा माझ्या हातात होता. तेवढं एक वाक्य मी सांगू शकले असते. मी म्हटलं, अब्बा, खा. दोन आठवड्यांनी ते गेले. मातीला नूरी आली होती, बायकांत बसली, रडली नाही.

आता पन्नाशीकडे झुकले आहे आणि मला गुडघे, चष्मा, सुनेची बोलणी अशी नेहमीची दुखणी आहेत. हे प्रकरण मी लिहिणार नव्हते. लिहायला बसले ते गेल्या महिन्यातल्या नूरीच्या फोनमुळे. ती गडचिरोलीत असते, तिची पोरगी पाच वर्षांची आहे, आणि तिलाही दम निघाला. आईचाच वारसा. पंप सुरू झाला, आणि नूरी मला थकल्या आवाजात सांगत होती की पंप घेतला की ही पोट्टी पलंगावरून उड्या मारते, हात थरथरतात, मला चावली, झोपायलाच तयार नाही. डॉक्टरांना विचारलं का, मी म्हटलं. विचारलं होतं. त्यांनी सांगितलं की काही लहान मुलांना असं होतं, औषध मनाने बंद करू नका, दिवसातून कितीदा देता ते लिहून ठेवा आणि मला आणून दाखवा, आपण बदलून पाहू. इतकं साधं. नूरी मग हसली आणि म्हणाली, "मी बी अशीच होती म्हणे. खाला सांगे, लय वांड होती म्हणून अब्बानं मले देऊन टाकलं."

देऊन टाकलं, हा शब्द तिने अगदी सहज वापरला. कोणी आपल्या नावागावाचं सांगावं तसं. मी स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसले आणि तिला सगळं सांगितलं. खोळी, धुणं, शुक्रवार, सहा-सहा वेळा दिलेला पंप, खालू आले ती सकाळ. तू वांड नव्हतीस गं, असं म्हणाले, तू वांड नव्हतीसच. फोनमधून तिच्या पोरीच्या उड्यांचा आवाज येत होता, आणि एकदा नूरीने तिला हळूच म्हटलं, बस माय, बस इथी. माझं सांगून झालं. मला वाटलं ती रागावेल, आणि मला तिने रागवायलाच हवं होतं, इतक्या वर्षांचा थकवा त्याने तरी उतरला असता.

मग तिने विचारलं, "अब्बाले माहीत होतं?"

"नाई," मी म्हटलं.

"मले नसतं सांगितलं तरी चाललं असतं, आपा," ती म्हणाली. "त्यांले सांगायचं होतं."